वोर्कुता : ध्रुववृत्तापलीकडील कोळशाचे नगर

रशियाच्या युरोपीय भागाच्या ईशान्य टोकास, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, टुंड्रा प्रदेशात वोर्कुता हे नगर वसलेले आहे. नेनेत्स भाषेतील या नावाचा अर्थ अस्वलांची भूमी असा सांगितला जातो. येथील भूमी बारमाही गोठलेली असते. भर हिवाळ्यात काही दिवस सूर्य क्षितिजावर येतच नाही. अशा ठिकाणी मनुष्यवस्ती व्हावी, याचे कारण एकच : भूगर्भातील दगडी कोळसा.

१९३० साली भूवैज्ञानिक गेऑर्गी चेर्नोव यांना वोर्कुता नदीच्या काठी उत्तम प्रतीच्या कोळशाचे थर आढळले. मात्र तो खणून काढण्यासाठी स्वेच्छेने येथे कोण येणार? हा प्रश्न तत्कालीन राज्यसत्तेने सक्तीने सोडविला. १९३१ पासून बंद्यांच्या तुकड्या येथे आणल्या जाऊ लागल्या आणि पुढे वोर्कुता हे सोव्हिएत श्रमछावण्यांच्या मोठ्या केंद्रांपैकी एक बनले. १९४१ मध्ये दोनेत्स्क खोऱ्यातील खाणी जर्मनांच्या हाती पडू लागल्या, तेव्हा या दूरस्थ कोळशाचे महत्त्व एकाएकी वाढले. बंद्यांच्याच श्रमांतून लोहमार्ग उभा राहिला व त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली आगगाडी वोर्कुतास पोहोचली. १९४३ मध्ये वस्तीला नगराचा दर्जा मिळाला.

स्तालिनच्या मृत्यूनंतर, १९५३ च्या उन्हाळ्यात, येथील बंद्यांनी काम बंद ठेवले. १ ऑगस्ट रोजी २९ क्रमांकाच्या खाणीजवळ त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात चाळीसहून अधिक बंदी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काही वर्षांत छावण्या मोडल्या, परंतु खाणी राहिल्या. सक्तीची जागा आता वेतनाने घेतली. उत्तरेकडील सेवेसाठी वाढीव पगार, दीर्घ रजा आणि लवकर निवृत्तिवेतन या सवलतींमुळे देशभरातून तरुण येथे येऊ लागले. चेरेपोवेत्सच्या पोलाद कारखान्यास येथील कोळसा जाऊ लागला. नगराभोवती खाणींच्या वसाहतींचे वलय तयार झाले.

हा कामगार पुढे राजकीय शक्तीही ठरला. जुलै १९८९ मध्ये सायबेरियातील कुझबास खोऱ्यात सुरू झालेला संप वोर्कुतापर्यंत पसरला. अंग धुण्यास साबणही मिळत नाही, या तक्रारीबरोबरच कम्युनिस्ट पक्षाची राज्यघटनेतील मक्तेदारी रद्द करावी, अशी मागणीही येथील कामगारांनी केली. परंतु सोव्हिएत राज्य कोसळल्यावर ज्या सरकारी साहाय्यावर खाणी चालत होत्या, तेही आटले. पगार महिनोन्‌महिने थकले आणि एकामागून एक खाणी बंद पडल्या. उत्तरेकडील हाल्मेर-यू ही वसाहत १९९५ मध्ये रिकामी करण्यात आली; जे रहिवासी जाण्यास तयार नव्हते, त्यांना बळाने हलविले गेले. २००५ मध्ये हवाई दलाच्या सरावात तेथील ओस पडलेले सांस्कृतिक भवन क्षेपणास्त्राचे लक्ष्य ठरले.

१९८९ मध्ये नगराची लोकसंख्या सुमारे १ लाख १५ हजार होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे ५७ हजार भरली. विरळ वस्तीतही घरे उबदार ठेवण्यासाठी नळांतून गरम पाणी खेळवावेच लागते व त्याचा खर्च नगराला पेलत नाही. म्हणून उरलेल्या कुटुंबांना मुख्य नगरात आणून बाहेरच्या वसाहती रिकाम्या करण्याचे धोरण प्रशासनाने स्वीकारले. उत्तरेतून स्थलांतर करू इच्छिणाऱ्यांना घरासाठी अनुदान देणारा कायदा २००२ मध्ये झाला, परंतु लाभार्थींची रांग फार लांब आहे. येथील घर विकून आलेल्या पैशात दक्षिणेत घर घेता येत नाही. त्यामुळे निवृत्त कामगारांपैकी अनेकांना इच्छा असूनही जाता येत नाही.

ज्या खाणी चालू राहिल्या, तेथील धोकाही कायम राहिला. कोळशाच्या थरांत मिथेन वायू दडलेला असतो; हवेत त्याचे प्रमाण वाढले की एखादी ठिणगीही घातक ठरते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सेवेर्नाया खाणीत झालेल्या स्फोटांत ३६ जणांचा बळी गेला. त्यांत आत अडकलेल्यांच्या शोधार्थ उतरलेले बचाव पथकातील पाच जण होते. पुढे आग विझविण्यासाठी ती खाण पाण्याने भरावी लागली.

कोळशासाठी माणसे प्रथम बळाने आणि नंतर वेतनाने येथे आणली गेली. कोळशाची गरज घटल्यावर मात्र त्यांच्या परतीची तेवढी तजवीज कोणी केली नाही. एकाच उद्योगावर नगर उभारणाऱ्या कोणत्याही राज्याने खाणीच्या आयुष्याबरोबरच खाणीनंतरच्या आयुष्याचाही हिशेब आधी मांडला पाहिजे, हेच वोर्कुताच्या इतिहासावरून दिसून येते.