एकदा येऊन गेलेला डेंग्यू

मध्य रेल्वेवर भांडुप व मुलुंड यांच्या दरम्यान नाहूर स्टेशन आहे. तेथील घरांस भेटी देत असता पावसाळ्याच्या अखेरीस एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : "डेंग्यू एकदा येऊन गेला, आता भय नाही." गोवराविषयी असे म्हटले तर ते बहुधा खरे ठरते. डेंग्यूविषयी मात्र ते अर्धेच खरे आहे, आणि त्या भरवशावर जीव धोक्यात पडतो. म्हणून देहाची ही व्यवस्था आमच्या उपदेशक बंधूंनी नीट समजून घ्यावी.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याच्या सोंडेतून विषाणू त्वचेत उतरला, की बाधलेल्या पेशी शेजारच्या पेशींस सावध करितात. ह्या हाकाटीनेच ताप चढतो. म्हणजे ताप हा देहाच्या झुंजीचाही परिणाम होय. काही दिवसांत प्रतिपिंडे नावाची द्रव्ये तयार होतात व विषाणूस घट्ट धरून निकामी करितात. बहुतेक रोगी आठवडाभरात बरे होतात, आणि देहाला त्या शत्रूची ओळख राहते.

परंतु हा विषाणू चार प्रकारचा आहे. जो प्रकार येऊन गेला तो बहुधा पुन्हा बाधत नाही. इतरांपासून संरक्षण मात्र थोडाच काळ टिकते. पुढे दुसरा प्रकार आला म्हणजे जुनी प्रतिपिंडे त्यास धरितात खरी, पण पकड ढिली असते. प्रतिपिंडांनी धरलेले गिळून टाकावे, हा काही पांढऱ्या पेशींचा धर्मच आहे. त्या गिळतात, आणि जिवंत विषाणू आत शिरून तेथेच वाढतो. जागल्याने चोराच्या भावास ओळखून धरावे, पण हात न बांधताच चावडीत नेऊन सोडावे, आणि त्याने तेथेच लूट आरंभावी, तसे हे होते.

हा नुसता तर्क नव्हे. क्यूबा बेटावर 1977 साली पहिल्या प्रकारची साथ आली व निभावली. 1981 साली दुसरा प्रकार आला, तेव्हा 158 माणसे मेली; अत्यवस्थ झालेल्यांपैकी बहुतेकांस पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला होता.

दुसऱ्या खेपेचेही बहुतेक रोगी बरे होतात, हे खरे. तथापि ज्यांचे बिघडते त्यांचे बहुधा ताप उतरतानाच बिघडते. तेव्हा सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तातील पाणी झिरपू लागते व रक्त दाट होते. ताप उतरला म्हणून घरची मंडळी देवाचे आभार मानतात. मानावेत, पण पुढील दोन दिवस रोग्याजवळून हलू नये. पोटात कळ, वारंवार ओकारी, हिरड्यांतून रक्त, ग्लानी किंवा लघवी कमी होणे, ह्यांतील एकही लक्षण दिसताच इस्पितळ गाठावे. ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो. तापावर पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात द्यावे.

मुंबईहून कोणी ताप घेऊन गावी आला, तर पूर्वी डेंग्यू झाला होता काय, हे त्यास विचारून डॉक्टरांस कळवावे. आणि रोग्याच्या घरी प्रार्थनेस जमलेल्यांपैकी एकाने गाडीची सोय पाहून ठेवावी.