संगणक-सुरक्षा : धोक्यांची ओळख आणि बचावाचे मार्ग

संगणक आणि मोबाइल यांचा वापर आज शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर अपरिहार्य झाला आहे. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, शिष्यवृत्ती थेट बँक खात्यात जमा होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी आई-वडील गावाहून मोबाइलवरूनच पैसे पाठवतात. ज्या घरात हे यंत्र प्रथमच आले आहे, तेथे एका फसवणुकीत गेलेली रक्कम म्हणजे मुलीचे एक शैक्षणिक वर्ष असू शकते. म्हणून संगणक-सुरक्षा हा विषय तज्ज्ञांवर सोपवून न देता प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

धोक्यांचे प्रकार

अपाय करण्याच्या हेतूने लिहिलेल्या संगणकीय आज्ञावलींना एकत्रितपणे ‘मालवेअर’ म्हणतात. त्यांपैकी व्हायरस हा एखाद्या फाइलला किंवा डिस्कला चिकटून राहतो व ती वापरली की पसरतो. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपी डिस्कद्वारे एका संगणकातून दुसऱ्यात जात असे. ‘वर्म’ला मात्र माणसाच्या हाताची गरज नसते, तो नेटवर्कवरून स्वतःच पुढे सरकतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने तत्कालीन इंटरनेटवरील हजारो संगणकांचे काम विस्कळीत केले. सोपे पासवर्ड ओळखून आत शिरणे ही त्याची एक युक्ती होती.

‘ट्रोजन’ हा उपयुक्त ॲपचे सोंग घेऊन येतो. लग्नपत्रिका किंवा बँकेचे ॲप म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी घातक एपीके फाइल हा त्याचाच अवतार होय. ती फोनमध्ये घेऊन संदेश वाचण्याची परवानगी दिली, की येणारे ओटीपी चोराच्या हाती लागतात.

‘रॅन्समवेअर’ आपल्या फाइलींना जणू कुलूप घालते आणि किल्लीसाठी खंडणी मागते. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना ग्रासले. ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून हे रॅन्समवेअर आत शिरत होते, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्या संगणकांतील ती वाट बंद झालेली होती. ‘अपडेट करा’ ही सूचना रोज ‘नंतर पाहू’ म्हणून मागे टाकणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा धडा मोलाचा आहे.

मोठ्या संस्थाही या संकटापासून मुक्त नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रुपये लंपास केले. बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएममधून त्यांनी पैसे काढले होते.

भीती, लोभ आणि घाई

सामान्य माणसाला लुबाडण्यासाठी मात्र इतक्या तांत्रिक खटाटोपाची गरज पडत नाही. खोटा संदेश, खोटे संकेतस्थळ किंवा खोटा फोन यांद्वारे गुप्त माहिती काढून घेण्याला ‘फिशिंग’ म्हणतात. ‘वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडू’, ‘केवायसी अपूर्ण आहे, खाते बंद होईल’, ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, त्वरित लिंक उघडा’ अशा संदेशांत भीती किंवा लोभ असतो आणि घाई हमखास असते. माणसाला विचार करण्यास सवड मिळू नये, हाच तिचा हेतू.

‘डिजिटल अटक’ हा असाच प्रकार आहे. पोलिसांचा गणवेश घातलेला इसम व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास धमकावतो व पैसे मागतो. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक अस्तित्वात नाही. असा फोन सरळ बंद करावा. त्याचप्रमाणे यूपीआय पिन हा पैसे देण्यासाठी लागतो. पैसे मिळवण्यासाठी तो कधीही टाकावा लागत नाही, एवढे एक वाक्य घरातील प्रत्येकाला पाठ असावे.

बचावाचे उपाय

पासवर्ड लांब असावा. इंग्रजी लहान अक्षरे आठऐवजी बारा घेतली, तर संभाव्य जुळण्या साडेचार लाखांहून अधिक पटींनी वाढतात. मात्र स्वतःचे नाव वा जन्मतारीख वापरू नये, कारण चोर प्रथम तेच तपासतो. ई-मेल आणि बँक यांचे पासवर्ड वेगवेगळे ठेवावेत, कारण ई-मेल हाती आला की इतर खात्यांचे पासवर्डही बदलता येतात. जेथे शक्य असेल तेथे द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. ओटीपी हे दुसरे कुलूप आहे. ते आपणच उघडून दिल्यास पहिल्याचाही उपयोग राहत नाही.

ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकापासून वेगळ्या केलेल्या पेन ड्राइव्हवर अथवा हार्ड डिस्कवर ठेवावी. रॅन्समवेअरपुढे हीच खरी ढाल ठरते. अर्ज भरण्यासाठी नेट कॅफेत गेल्यास काम संपल्यावर लॉग-आउट करावे, आधार व जातीच्या दाखल्याच्या प्रती तेथील संगणकातून काढून टाकाव्यात आणि दुकानदाराने ठरवून दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. पूर्ण आधार क्रमांकाची आवश्यकता नसेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दर्शवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे.

फसवणूक झाल्यास

अशा वेळी वेळेला सर्वाधिक महत्त्व असते. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात वेगाने फिरवली जाते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर गोठवता येण्याची शक्यता असते. म्हणून प्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, त्याच वेळी बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. संदेश, फोन क्रमांक व व्यवहाराचा क्रमांक पुसून टाकू नयेत. तेच पुरावे असतात. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

प्रत्यक्षात अनेक जण लाजेपोटी गप्प राहतात. मुलगा वडिलांच्या रागाला भितो, वडील गावातील चर्चेला भितात आणि या मौनात मोलाचे तास निघून जातात. फसवणारा गुन्हेगार असतो, फसलेला नव्हे, ही जाणीव घराघरांत रुजली पाहिजे. यासाठी माजी विद्यार्थ्यांना बरेच काही करता येईल. सुटीत गावी गेल्यावर आई-वडिलांचा व शेजाऱ्यांचा फोन अपडेट करून द्यावा, १९३० हा क्रमांक त्यात नोंदवून द्यावा आणि ‘काही विपरीत घडले तर न घाबरता आधी मला सांगा’ असे त्यांना आवर्जून सांगावे. शिकलेल्या माणसाचे ज्ञान शेजारच्या घरापर्यंत पोहोचले, तरच आपल्या समाजाचे कष्टाचे पैसे सुरक्षित राहतील.