कमान पायातली

‘आर्च’ आपण स्ट्रक्चर्समध्ये शिकतो, पेपरात सोडवतो आणि विसरून जातो. मला मात्र तो विसरता येत नाही, कारण माझ्या पायात तो नाहीच!

सेकंड इयरला सर्व्हेचं प्रॅक्टिकल करून हॉस्टेलचे जिने चढताना घोट्याच्या आतल्या बाजूने अशी कळ यायची की मेसलाही जाऊ नये वाटे. रूममेट म्हणाला, “आंघोळ करून ये आणि फरशीवरचा पाय बघ.” बघतो तर सगळा तळवा उमटलेला, मध्ये खाच नाहीच.

डॉक्टरांनी चवड्यांवर उभं केलं, तेव्हा कमान दिसली. म्हणजे पाय सपाट पण लवचीक. ते म्हणाले, “हा रोग नव्हे. दुखत नसेल तर काहीच करायचं नसतं. तुझा दुखतोय, म्हणून आधार देऊ.”

आपल्या भाषेत सांगतो. एका पायात २६ हाडं असतात. आतल्या कमानीचा की-स्टोन म्हणजे घोट्यातलं टॅलस हे हाड, आणि तळव्यातला प्लँटार फॅशिया हा जाड पट्टा म्हणजे टाय-रॉड. माझ्यासारख्यांची कमान वजनाखाली खचते, टाच बाहेर कलते आणि आतल्या स्नायूबंधावर ताण येतो.

मापाचे इनसोल आले. अण्णांनी सोयाबीनच्या पैशांतून घेऊन दिले होते. मी पहिल्याच दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सात घातले. तळव्याला फोड, पोटऱ्या दगड! दुसऱ्या रात्री इनसोल ट्रंकेत गेले. अण्णांनी फोनवर विचारलं, “आता बरं वाटतं ना?” मी “हो” म्हणालो. त्या खोट्याने पायापेक्षा जास्त दुखलं.

त्याच आठवड्यात सरांनी शिकवलं: एकदम टाकलेला लोड हळूहळू टाकलेल्या लोडच्या दुप्पट स्ट्रेस देतो. डोक्यात ट्यूब पेटली! डॉक्टरांचा कागद शोधला. त्यात सगळं लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. फोड बरे झाल्यावर नव्याने सुरुवात केली:

१) पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एकेक तास जास्त. दिवसभर घालायला दोन-तीन आठवडे लागतात.

२) बुटातला मूळचा सुटा सोल आधी काढा, नाहीतर टाच वर येते. बूट लेसचा, टाच नीट धरणारा हवा. सोबत मोजे घाला.

३) पळणं, क्रिकेट सगळ्यात शेवटी.

४) भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. चवड्यांवर उठण्याचा व्यायाम हळूहळू वाढवा.

५) तळव्याखाली गोळा असल्यासारखं वाटणं सुरुवातीला साहजिक आहे. पण फोड आला, टोचलं किंवा गुडघा दुखू लागला, तर इनसोल काढून दाखवायला जा. त्यात फेरफार करून मिळतो. मधुमेह असलेल्या सर-मॅडमनी रोज तळवे तपासावेत. बधिर पायाला फोड कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात जिने चढलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं, कळ आलीच नाही. इनसोल काढला की पाय पुन्हा सपाटच. त्याने कमान उगवत नाही, फक्त टेकू मिळतो. पण मला तेवढाच हवा होता.

त्या रात्री मीच अण्णांना फोन लावला. आधी खरं काय झालं होतं ते सांगितलं, मग म्हणालो, “आता खरंच बरं वाटतं.”