सूज का येते, आणि कधी कधी ती हटत का नाही?

शेतात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते व ठणकते. यालाच वैद्यकात दाह म्हणतात. सूज म्हणजे शत्रूच, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती शरीराने आपल्या रक्षणासाठी चालविलेली धडपड असते. परंतु काटा नसतानाही ही धडपड चालू राहिली, तर तिचाच रोग होतो. हे कसे घडते ते आपण पाहू.

रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करतात, हे आपण जाणतो. पण रक्त तर अंगभर फिरते. मग काटा नेमका कोठे रुतला हे त्या पेशींना कळते कसे? जखमेजवळच्या पेशी काही अतिसूक्ष्म प्रथिने सोडतात. त्यांना केमोकाइन असे नाव आहे. ही प्रथिने जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकटून राहतात. पांढऱ्या पेशींच्या अंगावर त्यांना ओळखणारे ग्राही असतात. कुलपात किल्ली बसावी तसे केमोकाइन ग्राहीत बसले, की वाहत चाललेली पेशी तेथेच थांबते, भिंतीतून वाट काढून बाहेर पडते आणि जिकडे केमोकाइन अधिक, तिकडे सरकत जाते. गुळाच्या खड्याकडे मुंग्या वळाव्यात, तसाच हा प्रकार.

माणसाच्या शरीरात असे सुमारे 50 केमोकाइन व त्यांचे सुमारे 20 ग्राही आहेत. प्रत्येकाची हाक निराळी. 1987 साली उजेडात आलेले इंटरल्युकिन-8 जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावते. इओटॅक्सिन हे इओसिनोफिल पेशींना बोलावते. दम्याच्या पुष्कळ रोग्यांच्या श्वासनलिकेत याच पेशींची गर्दी आढळते.

काटा निघाला, जंतू मेले, की हाक थांबते व सूज ओसरते. आमवातात मात्र सांध्याच्या अस्तरातून हाक चालूच राहते. आलेल्या पेशी स्वतः आणखी केमोकाइन सोडतात, त्यामुळे आणखी पेशी येतात. पुढे कूर्चा झिजते, हाड कुरतडले जाते व बोटे वाकडी होतात.

मग एखादा ग्राहीच बंद केला तर? तसा प्रयत्न झाला आहे. सीसीआर-5 हा ग्राही अडविणारे मॅराव्हिरॉक हे औषध 2007 साली एचआयव्हीसाठी मान्य झाले, कारण तो विषाणू याच दारातून पेशीत शिरतो. आमवातात मात्र त्याचा उपयोग झाला नाही. एकेका पेशीवर अनेक ग्राही असतात व एका ग्राहीत अनेक केमोकाइन बसतात. एक दार लावले तरी पेशी दुसऱ्या दाराने आत येतात.

स्टिरॉइड ही औषधे पुष्कळ केमोकाइनांची निर्मिती एकदम कमी करतात. म्हणून दुखणे चटकन थांबते. याच गुणाचा गैरफायदा घेऊन काही ठिकाणी निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळून विकतात. रोग्याला बरे वाटते. पण पुढे हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, जंतूंशी लढण्याची ताकद घटते. अशी पुडी दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद करणेही जिवावर बेतू शकते. म्हणून आम्ही वाचकांना आग्रहाने पुढील गोष्टी सांगतो :

1. दोन्ही हातांची बोटे वा मनगटे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल, तर घरगुती लेपावर महिने घालवू नका. पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू झाले, तर सांधे वाचण्याची शक्यता अधिक असते.

2. नाव न लिहिलेली पुडी वा गोळी घेऊ नका. घेत असाल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा; मनाने बंद करू नका.

3. आमवातासाठी डॉक्टर मेथोट्रेक्सेट देतात, ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. वार ठरवून घरातील सर्वांना सांगून ठेवा. गरोदरपणी ते मुळीच चालत नाही.

4. विडी-सिगारेट सोडा. धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो.

काट्याची सूज चार दिवसांत ओसरते. जी ओसरत नाही, तिचे कारण वेळीच शोधून काढा.