वाळवंटात वणवा? गाडी, गवत आणि आग



चौथी-पाचवीच्या मुलांना एकदा विचारून बघा, "वाळवंटात वणवा लागेल का?" वर्गातून लगेच 'नाही' येतं. वाळू कशी जळेल, असंही कुणीतरी विचारतं. मुलांचं बरोबरच आहे, वाळू जळत नाही. तरीही वाळवंटं जळताहेत. परिसर अभ्यासाच्या तासाला हा विषय घेतला तर मुलं आगीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात, म्हणून हा पाठ.

नकाशात अमेरिकेचा कॅलिफोर्निया दाखवा. लॉस एंजेलिस आणि लास वेगास या शहरांच्या मधे मोहावी नावाचं वाळवंट आहे. त्यातून मोहावी रोड नावाची जुनी वाट जाते. मूळची ती तिथल्या आदिवासींची पायवाट. आज सुमारे 220 किलोमीटरच्या या कच्च्या वाटेवर फोर बाय फोर गाड्या घेऊन हौशी लोक येतात, दोन-तीन दिवस मुक्काम करत जातात. वाटेत दुकान नाही, पेट्रोल पंप नाही, मोबाईलला बऱ्याच ठिकाणी रेंज नाही. ही वाट जोशुआ वृक्षांच्या वनातून जाते. जोशुआ म्हणजे फांद्या वर करून उभा असलेला काटेरी पानांचा उंच युक्का. वर्षाला जेमतेम दोन-तीन इंच वाढतो.

15 ऑगस्ट 2020 ला या भागात सिमा डोम इथे वीज पडली आणि आग लागली. 43,000 एकरांहून जास्त जमीन जळाली. सुमारे 13 लाख जोशुआ झाडं गेली, असा अंदाज आहे. पुढे 28 जुलै 2023 ला याच संरक्षित प्रदेशात यॉर्क फायर पेटली. ती सुमारे 93,000 एकरांवर पसरली आणि राज्याची हद्द ओलांडून नेवाडात गेली. वाऱ्यामुळे आगीचे भोवरे उठत होते. आणि एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. तिथे राहणाऱ्या वाळवंटी कासवांना धक्का लागू नये म्हणून आग विझवणाऱ्यांनी बुलडोझर जपून वापरले. एका कासवासाठी एवढं, असं कुणी विचारलं तर विचारू द्या. चर्चा चांगली रंगते.

आता मुद्द्याचा प्रश्न. पूर्वी इथे एवढ्या मोठ्या आगी क्वचितच लागायच्या. मग आताच का?

हे समजावायला आग पेटवायची अजिबात गरज नाही. एका ताटात वाळू पसरा. त्यावर दहा-बारा चिंचोके लांब लांब ठेवा. हे झालं वाळवंट, चिंचोके म्हणजे झुडपं. नियम असा की, आग एका वेळी फक्त एक बोटभर उडी मारू शकते. एका चिंचोक्याला 'आग लावा', म्हणजे त्यावर लाल टिकली ठेवा. आग तिथेच संपते, कारण शेजारचं झुडूप लांब आहे. आता चिंचोक्यांच्या मधल्या वाळूवर लोकरीचे बारीक तुकडे पसरा आणि पुन्हा खेळा. दोन मिनिटांत सगळं ताट लाल होतं.

ही लोकर म्हणजे बाहेरून आलेलं गवत. मोहावीत रेड ब्रोम नावाचं भूमध्य सागराकडचं गवत पसरलंय. पावसाळी वर्षात ते भरघोस उगवतं, उन्हाळा लागला की वाळून कोळ होतं आणि झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतं. ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेलं बफेल गवत असंच पसरलं. हे गवत आपल्याला परकं नाही. आपल्याकडे ते अंजन गवत म्हणून ओळखतात आणि चाऱ्यासाठी मुद्दाम लावतात. इथे उपयोगी असलेली वनस्पती तिथे घात करते, हे मुलांना फार नवलाचं वाटतं. वाईट हे की जळाल्यावर गवत पुढच्या पावसात पुन्हा उगवतं, झाड मात्र उगवत नाही. सग्वारो निवडुंगाला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात.

आता गाडीकडे या. 13 जून 2020 ला ॲरिझोनात पेटलेल्या एका गाडीमुळे बुश फायर लागली आणि सुमारे 1,93,000 एकर जळाले. पण गाडी पेटलीच पाहिजे असं नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो आणि चालत्या गाडीत तो तीनशे-चारशे अंशांच्या पुढे सहज तापतो. वाळलेलं गवत त्याला टेकलं तर पेट घेऊ शकतं. जमिनीवर घासत जाणारी साखळीही ठिणग्या उडवते. शिवाय वाट सोडून गाडी घातली की मातीचा वरचा थर मोडतो आणि टायरला चिकटून गवताचं बी पुढे जातं. म्हणजे आपण गाडीबरोबर काडेपेटी आणि सरपण दोन्ही नेतो!

अशा वाटेवर लांब धूर दिसला तर काय करायचं? 'जरा जवळ जाऊन बघू' हा विचार सगळ्यात घातक. आग वाऱ्याबरोबर आणि चढावर वेगानं धावते, आणि वारा कधीही फिरतो. त्यामुळे ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं, वेळीच माघारी फिरायचं. धुराच्या पडद्यात गाडी घालायची नाही, पुढे रस्ता आहे की ज्वाळा ते दिसत नाही. अरुंद घळीत शिरायचं नाही. दिवे लावून ठेवायचे. अडकलोच तर उघड्या वाळूवर किंवा खडकावर, गवतापासून दूर गाडी उभी करायची, खिडक्या आणि हवेच्या झडपा बंद करायच्या, खाली वाकून लोकरी किंवा सुती कापड अंगावर घ्यायचं. पळत सुटण्यापेक्षा गाडीत थांबणं बहुतेक वेळा बरं. आधीच जळून गेलेली जागा त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तिथे जळायला काही उरलेलं नसतं.

हे सांगून झालं की ताटात एक खेळण्यातली गाडी ठेवा आणि विचारा, "आता गाडी कुठे लावशील?" लोकर नसलेली जागा शोधताना मुलांचं बोट किती वेळ फिरत राहतं ते बघा.

आपल्याकडे वाळवंट नाही, पण फेब्रुवारीपासून मेपर्यंत सह्याद्रीचे सडे आणि माळ याच वाळल्या गवतानं भरलेले असतात. वनखातं तिथे जाळरेषा काढतं, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळा पट्टा करतं. ताटातली लोकर मधून बाजूला सारली की जाळरेषा काय काम करते ते मुलांना लगेच कळतं. सुट्टीत फिरायला जाणाऱ्या पालकांनी गाडी गवतात न लावता मुरुमावर किंवा खडकावर लावावी, आणि वणवा दिसला तर 112 किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. हे दोन्ही आकडे मुलांकडून वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.