काटा बघा, चेहरा बघा

आगीच्या जागी बाहेर आलेल्या जवानांची तपासणी करण्यात माझी बरीच नोकरी गेली. अग्निशामकाचा जीव ज्वाळाच घेतात असं नाही. अमेरिकेत कर्तव्यावर होणाऱ्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं अचानक बंद पडलेलं हृदय हेच आहे. म्हणून हे चार शब्द.

1. ‘बरं वाटतंय ना?’ असं विचारून उपयोग नाही. सोबती आत असताना ‘दमलो’ कोणी म्हणत नाही. ‘ओके आहे, साहेब’ हेच ऐकू येतं. त्यापेक्षा कितव्या मजल्यावर होतास, सोबत कोण होतं, ते विचारा. उत्तर अडखळलं किंवा हेल्मेटचा पट्टा सोडताना बोटं चाचपडली, तर त्याला पुन्हा आत सोडू नका.

2. बीए सेटचा (श्वसनयंत्राचा) काटा माणसाचीही खबर देतो. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने साधारण 1,800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर ती 45 मिनिटं पुरते, पण तेवढी कुठली पुरायला! लिफ्ट बंद, खांद्यावर होज आणि समोर जिने, अशा वेळी हवा दुपटीने खर्च होते. बरोबर आत गेलेल्या दोघांपैकी एकाचा काटा भराभर उतरत असेल, तर तो जास्त दमलाय किंवा मास्क गळतोय. कारण शोधत बसू नका, जोडी बाहेर बोलवा.

3. नाडी दोनदा मोजा. बाहेर आल्या आल्या ती सगळ्यांचीच धावत असते. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तेव्हाही उतरली नसेल तर ईसीजी. छातीत जडपणा म्हणाला, तर वाटच पाहू नका.

4. धूर छातीत गेलेल्याच्या बोटाला लावलेल्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भिनलेला असतानाही तो 98 दाखवू शकतो. डोकं ठणकतंय, मळमळतंय? ऑक्सिजन लावा आणि रुग्णालयात पाठवा.

5. जाड फायर सूटात घाम सुकत नाही, आणि बाहेर आल्यावरही अंगातली उष्णता काही वेळ चढतच राहते. कोट काढा, गमबूट उतरवा, पाणी पाजा, दोन्ही हात कोपरापर्यंत थंड पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट हवेत पंख्यापेक्षा बादली कामाला येते.

6. आता छातीवर बांधायचे सेन्सर आलेत, नाडीचा आकडा बाहेर बसलेल्याला दिसतो. जरूर घ्या. पण एकाला थांबवायचं, तर त्याची जागा घ्यायला ताज्या दमाचा दुसरा हवा. तो नसेल, तर धोक्याची घंटा ऐकूनही अधिकारी दमलेल्यालाच आत धाडतो. माझी महापालिका-नगरपालिकांना कळकळीची विनंती आहे: यंत्रांची खरेदी कराच, पण आधी अग्निशमन केंद्रातली रिकामी पदं भरा.