कळंबच्या किनाऱ्यावर इंटरनेटचा फोन : अनुभवाचे बोल

कळंबच्या किनाऱ्यावरची रिसॉर्टं आणि निर्मळ-नालासोपाऱ्यातली छोटी ऑफिसं यांना इंटरनेटवर चालणारे फोन बसवून देणं आणि ते चालू ठेवणं, हे माझं काम. शनिवार-रविवारचं बुकिंग इथे अजूनही बोलूनच पक्कं होतं. फोन लागला नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या रिसॉर्टचा नंबर फिरवतं. फोन बदलायच्या विचारात असाल, तर एवढं ध्यानात ठेवा.

१. आधी विजेची सोय करा. जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे. लाइट गेले तरी रिंग वाजायची. आता फायबरचा मोडेम, राउटर, स्विच आणि फोन, चारही चालू असावे लागतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरलं, वीज गेली. माणसाची खबर हवी असते ती नेमकी अशाच दिवसांत. म्हणून यूपीएस चौघांनाही हवा.

२. नुसत्या स्पीडवर जाऊ नका. जी.७११ कोडेकवर (आवाज डिजिटल करायची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ९० केबीपीएस पुरतात. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएसच्या आसपास. तरी १०० एमबीपीएसच्या लाइनवर आवाज तुटतो, कारण पाहुणे त्याच वायफायवर व्हिडिओ चढवत असतात आणि आवाजाची पॅकेट मागे अडकतात. फोनसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधला वेगळा कप्पा, काढा, राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्या. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला की बोलणं सहज होतं.

३. समोरच्याला ऐकू जातं, आपल्याला काहीच येत नाही, अशी तक्रार आली की फोन बदलायला धावू नका. आधी राउटरमधलं ‘सिप एएलजी’ हे कॉलच्या पॅकेटांत फेरफार करणारं सेटिंग बंद करून पाहा. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो.

४. खारी हवा कोणालाच सोडत नाही. गच्चीवरच्या किंवा बागेतल्या केबलचा जोड उघडला की पिनांवर हिरवट पूट दिसतं आणि फोन मध्येच नोंदणी सोडतो. जोड बंद डबीत ठेवा, पावसाळ्याआधी बदलून घ्या.

५. जुना ०२५० चा लँडलाइन नंबर सोडू नका. मोबाइलचा नंबर कंपनी बदलून नेता येतो, लँडलाइनला आपल्याकडे ती सोय नाही. पाटीवर, बिलावर, जुन्या गिऱ्हाइकांच्या डायरीत तोच नंबर आहे. लाइन चालू असेल तर एफएक्सओ गेटवे लावून ती नव्या यंत्रणेला जोडता येते.

६. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१, असं कधीही ठेवू नका. चोर रात्रभर परदेशी कॉल लावतात आणि बिल मालकाच्या माथी येतं. आयएसडी नको असेल तर बंदच करा. सेवा परवानाधारक कंपनीचीच घ्या.

७. ऑफिसची लाइन पडली की कॉल आपोआप मोबाइलवर जाईल, ही सोय कंपनीच्या सर्व्हरवरच करून घ्या. बंद पडलेला राउटर कॉल वळवू शकत नाही. आणि ‘एक दाबा, दोन दाबा’ची लांबण लावू नका. पोराबाळांना घेऊन येणाऱ्याला खोली आहे का, जेवण काय, एवढंच विचारायचं असतं. त्याला मराठीत-हिंदीत नीट उत्तर देणारं माणूस फोनपाशी बसवा. यंत्रणेवरचा सगळा खर्च वसूल होतो तो तिथेच.